खुब्याच्या ऑपरेशननंतर लघवीची नळी घरी कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बाथरूममध्ये पाय घसरून किंवा पलंगावरून उतरताना पडून खुब्याचं हाड मोडलेले आजी-आजोबा ठाण्यात घरोघरी आहेत. ऑपरेशन होतं, चार-पाच दिवसांत डिस्चार्ज मिळतो आणि पेशंटबरोबर लघवीची नळी आणि पिशवीही घरी येते. घरच्यांना ती सोय वाटते. रात्री उठवायला नको, चादर ओली होत नाही. ही सोय फार महाग पडते.

नळी आत असेपर्यंत दर 100 रुग्णांमागे रोज आणखी 3 ते 7 जणांच्या लघवीत जंतू शिरतात. नळीच्या आतून त्यांचा बुळबुळीत थर धरतो आणि त्या थरात अँटिबायोटिक नीट पोचत नाही. महिनाभर नळी ठेवली तर जंतू नसलेला पेशंट क्वचितच सापडतो.

ऑपरेशनआधी नळी घालतात ते समजण्यासारखं आहे. मोडलेल्या पायाने बेडपॅनवर कंबर उचलणं असह्य असतं. पण दुसऱ्या दिवशी पेशंटला खुर्चीत बसवतात, वॉकर देतात. मग ते कारण उरत नाही. त्याच सकाळच्या राऊंडला ‘नळी आज काढणार का?’ असं डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबत असेल, किडनीसाठी तासातासाची लघवी मोजायची असेल किंवा माकडहाडावरची जखम भिजत असेल, तर गोष्ट वेगळी.

काढण्याआधी नळीला चिमटा लावून ‘सवय’ करायची गरज नसते. काढल्यावर सहा तासांत लघवी व्हायला हवी. नाही झाली आणि ओटीपोट ताठ लागत असेल तर बहुतेक वेळा बद्धकोष्ठ, ट्रॅमाडॉलसारखं दुखणं थांबवणारं औषध किंवा प्रोस्टेट ही कारणं असतात. आडवं पडून अनेकांना होतच नाही. कमोड खुर्चीवर बसवा, पडदा ओढा. तरीही न झाल्यास नर्सने एकदा नळी घालून मूत्राशय रिकामं करून ती लगेच काढायची असते.

काही कारणाने नळी ठेवावीच लागली, तर सगळा सांभाळ पिशवीचा. नौपाड्यातल्या बिनलिफ्टच्या जुन्या इमारतीत पेशंटला खुर्चीवरून वर नेताना पिशवी हमखास त्याच्या पोटावर ठेवली जाते. नळीतली साचलेली लघवी तेवढ्यात मूत्राशयात परत जाते. उचलण्याआधी पिशवी रिकामी करा आणि ती कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता, राहू द्या. ब्युरोकडून (शुश्रूषेसाठी माणसं पुरवणाऱ्या संस्थेकडून) आलेल्या मावशींना हे पहिल्याच दिवशी दाखवून द्यावं. दोन-तृतीयांश भरायच्या आत पिशवी रिकामी करायची, आधी आणि नंतर हात धुवायचे, तोटीचं टोक भांड्याला लागू द्यायचं नाही. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधली की ओढ बसत नाही. धुण्यासाठी पिशवी नळीपासून सोडवू नये, जंतू तिथूनच आत जातात. रोज साबण-पाण्याने स्वच्छता पुरते, डेटॉल नको. हृदय-किडनीचं बंधन नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी द्यावं. उठावं लागू नये म्हणून वृद्ध पाणीच पीत नाहीत, तिकडे लक्ष हवं.

तपासणीसाठी पिशवीतली लघवी पाठवू नका, ती तासन् तास साचलेली असते. नळी 14 दिवसांहून जुनी असेल तर बदलून नव्या नळीतून नमुना घ्यावा. रिपोर्टात ‘पस सेल्स’ (पू-पेशी) दिसले किंवा लघवी गढूळ झाली एवढ्यावर आजार ठरत नाही. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर थांबू नका. नुसती असंबद्ध बडबड सुरू झाली तर वेदना, बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम हेही पाहायला हवं. मेडिकलमधून मनाने अँटिबायोटिक आणलं की कल्चर (लघवीतले जंतू ओळखण्याची तपासणी) बिघडतं आणि पुढच्या वेळी साधं औषध लागू पडत नाही.

त्रास काहीच नसताना केवळ लघवीच्या रिपोर्टवरून खुब्याचं ऑपरेशन पुढे ढकलणंही चूक आहे. तेवढे दिवस पेशंट नळीसकट पडून राहतो.

ठाणे व नवी मुंबईतल्या सर्व रुग्णालयांना विनंती आहे की नळी घेऊन घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डावर ती कधी घातली, का ठेवली आणि कुठल्या तारखेला, कोणाकडे काढायची, हे मराठीत लिहून द्यावं.

— घरपोच शुश्रूषा करणाऱ्या काही परिचारिका, ठाणे