लॉगचे नियम अटींसह शिकवावेत

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

अकरावी विज्ञान शाखेतील मुलांना लॉगचे नियम तोंडपाठ असतात, पण तेच नियम वापरून एखादी पदावली फोडून किंवा जोडून लिहायला सांगितली की त्यांची लेखणी अडते. गुणाकाराच्या लॉगची बेरीज होते, भागाकाराच्या लॉगची वजाबाकी होते आणि घातांक पुढे येऊन गुणला जातो, एवढे फळ्यावर चौकटीत लिहिले की तास पुढे सरकतो. लॉग म्हणजे मुळात घातांकच (१०² = १००, म्हणून पाया १० असताना लॉग १०० = २) आणि समान पाया असलेल्या संख्यांचा गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते, हे आठवीतले ज्ञान तिथे जोडून दिले तर पाठांतराची गरजच उरणार नाही.

लॉग (३ + ४) चे लॉग ३ + लॉग ४ करणारी मुले दरवर्षी भेटतात. लॉगच्या तक्त्यात (पाया १०) लॉग ७ ची किंमत ०.८४५१ आहे, तर लॉग ३ आणि लॉग ४ यांची बेरीज १.०७९२ येते आणि ती लॉग १२ ची किंमत आहे. गंमत म्हणजे ३ व ४ ऐवजी २ आणि २ घेतले तर ही चुकीची रीतही बरोबर उत्तर देते, कारण २ + २ आणि २ × २ दोन्ही चारच. तेव्हा पडताळ्यासाठी ते उदाहरण कोणी घेऊ नये.

याहून मोठी उणीव अटींची आहे. लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १ हे समीकरण (पाया १०) सोडवताना डावी बाजू एकत्र करून लॉग [क्ष (क्ष − ३)] = १ असे लिहितात, त्यावरून क्ष² − ३क्ष − १० = ० मिळते आणि ५ व −२ ही उत्तरे येतात. त्यानंतर ‘−२ ही किंमत ग्राह्य नाही’ हे वाक्य मुले सवयीने लिहितात, पण का नाही ते विचारले तर गप्प बसतात. जोडलेल्या रूपात −२ घालून पाहा: −२ × −५ = १० आणि लॉग १० = १, म्हणजे ते रूप या किमतीलाही बिनतक्रार चालते. मूळ रूपात मात्र लॉग (−२) ला वास्तव संख्यांत अर्थच नाही. म्हणजे दोन्ही रूपे सर्वत्र सारखी नव्हती. धन संख्यांपुरतीच सारखी होती. लॉग क्ष² ऐवजी २ लॉग क्ष लिहितानाही हेच घडते.

बारावीच्या रसायनशास्त्राच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते, त्यामुळे हा विषय गणिताच्या तासापुरता नाही. हायड्रोजन आयनांची संहती २ × १०⁻³ असेल तर तिचा लॉग ०.३०१० − ३ असा फोडणाऱ्या मुलाला २.६९९० हा सामू (pH, म्हणजे त्या लॉगचे चिन्ह बदलून येणारी संख्या) सरळ मिळतो. केवळ ‘बार तीन’ (लॉगमधला −३ हा पूर्णांक भाग म्हणण्याची लॉग टेबलची रीत) घोकलेला मुलगा चिन्हात चुकतो.

जॉन नेपियर यांनी १६१४ मध्ये लॉग प्रसिद्ध केले ते किचकट आकडेमोड वाचवण्यासाठी, आणि ते काम आता यंत्रे करतात. राहिले ते रूपांतर, आणि नेमके तेच आपण घाईत उरकतो. अकरावीच्या परीक्षेत अशा प्रत्येक प्रश्नात ‘हे रूपांतर क्षच्या कोणत्या किमतींसाठी खरे आहे?’ असा एक गुणाचा उपप्रश्न सक्तीचा करावा, अशी शिक्षण मंडळाला आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला,
एक गणित शिक्षक, सातारा