नववा लागला की बाळ कमी हलतं, हा समज आता सोडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी ग्रामीण भागात आरोग्यसेविका आहे. जवळपास प्रत्येक डोहाळजेवणात एक वाक्य ऐकायला येतं, ते म्हणजे नववा लागला की बाळाला जागा पुरत नाही म्हणून ते कमी हलतं. हे साफ चुकीचं आहे. शेवटी शेवटी हालचालीची पद्धत बदलते, लाथेऐवजी वळवळ जाणवते, पण हालचाल कमी व्हायला नको. ती कमी झाली तर वारेतून, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटातून, बाळाला रक्त आणि ऑक्सिजन कमी पोचत असण्याची शक्यता असते, आणि यात आईला काहीच दुखत खुपत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही.

२८ आठवड्यांनंतर रोज ठराविक वेळी, शक्यतो जेवण झाल्यावर, डाव्या कुशीवर पडून लक्ष द्यायचं. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत किंवा नेहमीपेक्षा बाळ मंद वाटलं, तर "गोड खा, सकाळी बघू" असं म्हणत रात्र काढू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट टेपची. साधारण २४ आठवड्यांनंतर ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत जेवढे सेंटिमीटर भरतात तेवढेच जवळपास आठवडे असतात. ३२ व्या आठवड्यात टेप २८ च दाखवत असेल तर सोनोग्राफी लागतेच, त्यात बाळाचं वजन, भोवतीचं पाणी आणि डॉप्लरवर नाळेतला रक्तप्रवाह कळतो. आणि बायका काय म्हणतात, पोट लहान दिसतंय म्हणजे मुलगा! अहो, मुलगा मुलगी राहू द्या, आधी वाढ होतेय का ते बघा.

बीपी वाढलेलं, शुगर, रक्त कमी, आधीचं बाळ कमी वजनाचं, अशांनी तर जास्तच जपायचं. मशेरी आणि तंबाखू बंदच करा, आमच्याकडे सासूच सुनेला मशेरी देते हे मी डोळ्यांनी बघितलंय. कमजोर झालेली वार परत बरी करणारं औषध नाही, म्हणून तर लवकर कळणं एवढं महत्त्वाचं, म्हणजे डॉक्टर लक्ष ठेवून योग्य वेळी डिलिव्हरी करू शकतात.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते, तिथे कार्ड घेऊन जा आणि पोट टेपने मोजून घ्या, कुणी मोजलं नाही तर स्वतःहून सांगा.

- एक आरोग्यसेविका, सातारा जिल्हा