शिशुविहार, दादर

प्रिय नंदे,

तुमच्या सोसायटीतल्या बालवाडीला जागा मिळाली, हे छान झालं. पण ‘साडेतीन वर्षांच्या मुलाला किती अक्षरं यायला हवीत?’ हे तू विचारतेस? पालकांनी आत्ताच डोकं खाल्लेलं दिसतंय! म्हणून आज तुला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांच्या शिशुविहार या बालशाळेबद्दल लिहिते.

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईतली दाटी कमी करायला सरकारने नेमलेल्या सुधार ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे आखीव रस्त्यांची उपनगरी वस्ती वसवली. तिथल्या हिंदू कॉलनीत १९३६ साली ताराबाईंनी शिशुविहार काढलं. राजकोटची प्राचार्यपदाची नोकरी सोडून त्यांनी भावनगरला गुजरातीतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर बरीच वर्षं काम केलं होतं. माँटेसोरी पद्धत तिथेच हाताखालून गेलेली. म्हणजे बघ, मूल मनोरा रचतंय, वरचा ठोकळा घसरला, सगळं भुईसपाट झालं, तरी बाईंनी मध्ये बोट घालायचं नाही. त्याने पुन्हा रचायचा किंवा कंटाळून उठून जायचं. छडीशिवाय विद्या नाही असं मानणाऱ्या काळात हे! आज तुझ्याकडच्या आईबापांनाही पटवून बघ, म्हणजे कळेल.

ताराबाई म्हटलं की सगळे पालघरकडच्या आदिवासी भागातल्या बोर्डी-कोसबाडच्या कामाबद्दल बोलतात, आणि दादर एका ओळीत उरकतात. मला ते खटकतं. बोर्डीचं मोल मी कमी करत नाही. १९४५ मध्ये त्या तिकडे गेल्या, अनुताई वाघ येऊन मिळाल्या. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघी शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पानं आली. पण तुझी गाठ पाड्यावरच्या आयांशी नाही गं, मध्यमवर्गाशी आहे. पोर शिकलेल्या घरातलं, दप्तराची घाई झालेलं. अशा वस्तीत आधी उभं राहिलं ते दादरचंच.

शिंपल्या-बियांची युक्ती मात्र बोर्डीची उचल. कॅटलॉगमधल्या चकचकीत सेटवर पैसे घालू नकोस. सुताराला फळ्या मुलांच्या हाताला येतील इतक्या खाली ठोकायला सांग, नाहीतर दर खेपेला ‘बाई, काढून द्या’ सुरू होईल. आणि पालकसभा रविवारी ठेव, मी येते. अक्षरांचा प्रश्न तिथे निघाला की माझ्याकडे ढकल.

तुझी,
मंगल