तुमच्या फोनची तक्रार, दुसऱ्याच्या फोनवरून

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: तुमच्या फोनची (अँड्रॉइड नसलेली, तुमची स्वतःची) सिस्टीम चालू राहणार की बंद होणार, ते एकदा सांगा

काल दुपारचा फोन धरून सहा वेळा बोलणं झालं. मॉडेल वगैरे परत सांगत बसत नाही, फोन तुम्हीच बनवलाय. व्हॉट्सॲप बंद, यूपीआयचं ॲप उघडत नाही, तुमच्या स्टोअरमध्ये दीड वर्षात नवीन काही नाही. माझं चप्पल लाइनला दुकान आहे. पुण्याच्या गिऱ्हाइकानं कापशी चपलेचा फोटो मागितला की पोराचा मोबाइल मागायची पाळी येते.

कालचं रेकॉर्डिंग असेलच, ऐका. पंचवीस मिनिटं गाणं ऐकवून तुमचा माणूस म्हणतो, "सर, तक्रार आता ॲपवरूनच घेतो. प्ले स्टोअरवरून डाउनलोड करा." म्हटलं, ह्या फोनला प्ले स्टोअर नाही. "कुठल्या कंपनीचा फोन आहे सर?" म्हटलं, तुमचाच. मग नुसती कीबोर्डची टकटक. मग म्हणतो, "घरात कुणाचा तरी अँड्रॉइड असेल ना सर? त्यावरून करा." वर, "आणखी काही मदत करू का?"

एवढी मदत झाल्यावर आणखी काय मागणार!

मी सहाही वेळा एकच विचारलं: ही सिस्टीम पुढं चालणार का? उत्तर ठरलेलं, "अपडेट लवकरच." अहो, सिस्टीम बंद पडणं हे काय पाप नाही, भल्याभल्यांच्या पडल्या. मायक्रोसॉफ्टनं २०१९ साली विंडोज फोनवाल्यांना सरळ सांगून टाकलं, अँड्रॉइड घ्या नाहीतर आयफोन. ब्लॅकबेरीनं जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ ला थांबवली, ती आधी तारीख देऊन. आणि तुम्ही? गेल्या दिवाळीत ह्याच फोनवर सूट लावलीत. शेजारच्यानं माझं बघून घेतला. आता रोज सकाळी माझ्याकडं बघतो.

दुसरा फोन मी राजारामपुरीत जाऊन आजही घेईन. अडलंय ते नंबरांवर. चौदाशे नंबर तुमच्या खात्यात आहेत, ते बाहेर काढायचं बटण दाबलं की नुसतं गोल फिरत राहतं. रात्री दुकान बंद करून बायको वाचते, मी वहीत उतरवतो. चार दिवस झाले 'प'वर अडकलोय. कोल्हापुरात पाटील किती असतात, तुम्हाला कल्पना नसेल.

पंधरा दिवसांत बंद व्हायची तारीख लेखी द्या आणि माझे नंबर एका फाइलमध्ये द्या. "अपडेट लवकरच" हे उत्तर चालणार नाही, ते सहादा ऐकलंय. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जातो. २०१९ च्या कायद्यानं गिऱ्हाईक राहतं तिथंच दावा लावता येतो, त्यामुळं हेलपाटे तुमच्या वकिलाला पडतील.

त्यांना म्हणावं, आलात की दुकानात या, चप्पल दाखवतो. विकायची.

तुमचा (अजून तरी) ग्राहक
चप्पल लाइन, कोल्हापूर