चिटणीसाच्या वहीबाहेरचं

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

आपल्या व्हॉलीबॉल क्लबचं वर्ष कसं गेलं ते सविस्तर लिही, असं तू म्हणालास. वार्षिक अहवाल पाठवला असता, पण तो मीच लिहिलाय, त्यामुळे त्यात काय नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. अहवालात सगळं 'उत्साहात पार पडलं'. सर्वसाधारण सभासुद्धा उत्साहात पार पडली असंच लिहिलंय. उत्साह होताच म्हणा. फक्त तो एकमेकांवर ओरडण्यात होता.

झालं असं, की या वर्षी थोडे पैसे उरले. ना-नफा संस्थेत पैसे उरूच नयेत असं काही सभासदांना वाटतं, म्हणून खजिनदारांना आधी तेच समजवावं लागलं: उरायला हरकत नाही, वाटून घ्यायला हरकत आहे. उरलेला पैसा खेळावरच गेला पाहिजे. पण खेळ म्हणजे कोणाचा खेळ? मुख्य संघाची पोरं म्हणाली, बाहेरच्या स्पर्धांचा प्रवासखर्च द्या, मानधनावर प्रशिक्षक आणा, चांगला संघ असेल तरच लोक क्लबकडे वळतील. दुसरीकडे संध्याकाळच्या नवशिक्यांच्या तुकडीतली माणसं. ती सहसा सभेत बोलत नाहीत. त्यांच्यातल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, आमच्या वेळेला बॉल चारच असतात आणि त्यातला एक अंडाकृती आहे. सगळे हसले. मला मात्र वाटलं, निम्मी चर्चा इथेच संपली.

शेवटी तोडगा निघाला तो असा: स्पर्धांची प्रवेश फी क्लब भरेल, प्रवास ज्याचा त्याने करायचा, आणि मुख्य संघातल्या प्रत्येकाने नवशिक्यांचा एक वर्ग घ्यायचा किंवा त्यांच्या सामन्याला शिट्टी वाजवायची. दोन चांगले खेळाडू यावर क्लब सोडून गेले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ऐन उमेदीच्या वयात माणसाला जिंकायचं असतं, दुसऱ्याला अंडरआर्म सर्व्हिस शिकवायची नसते. पण मी मत दिलं ते तोडग्याच्या बाजूने, आणि आजही देईन. जिंकायला माणसाला दुसरीकडे जागा मिळते. वाईट खेळूनही रोज यावंसं वाटेल अशी जागा मिळणं अवघड.

नवे बॉल आले, सोबत खजिनदारांनी एक हवेचा दाबमापक आणला. एवढ्याशा वस्तूने किती फरक पडला म्हणून सांगू! आपल्याकडे बॉल दगडासारखा होईपर्यंत पंप मारायची रीत होती. नियमात दाब 0.30 ते 0.325 किलो प्रति चौरस सेंटिमीटर एवढाच आहे, म्हणजे अंगठ्याने दाबलं तर जरासा दबणारा. नवी माणसं दोन दिवस येऊन मनगटं लाल करून घेत आणि तिसऱ्या दिवशी गायब होत. आपण समजायचो की आवड नाही. आवड होती रे, हात दुखत होते.

जाळीच्या उंचीवरून मात्र वर्षभर धुसफूस चालली. पुरुषांसाठी 2.43 मीटर, स्त्रियांसाठी 2.24, हे सगळ्यांना पाठ. पण मिश्र संध्याकाळी काय करायचं? वर बांधली तर बायका-मुली फक्त बॉल वाचवत बसतात. खाली बांधली तर आपले लंबूटांग त्यांच्या अंगावर बॉल हाणतात. खूप वाद झाल्यावर घरचा नियम केला: जाळी 2.24 वर, आणि पुरुषांनी स्मॅश मारायचा तो जाळीपासून तीन मीटरवरच्या रेषेमागूनच उडी घेऊन. यात एक गंमत झाली. मागून मारायचं म्हटल्यावर नुसत्या ताकदीवर भागेना, वेळ साधावी लागली, आणि जे पुढून डोळे मिटून मारायचे त्यांचे बॉल महिनाभर भिंतीवर जात होते.

'हा खरा व्हॉलीबॉल नव्हे' असं ऐकवणारे आहेतच. त्यांना मी सभेत मॉर्गनची गोष्ट सांगितली. विल्यम मॉर्गनने 1895 मध्ये अमेरिकेतल्या होल्योक गावच्या वायएमसीएत हा खेळ काढला तो मुळात मध्यमवयीन व्यावसायिकांसाठी; बास्केटबॉलची धक्काबुक्की त्यांना झेपेना म्हणून. त्याची जाळी होती साडेसहा फुटांची, म्हणजे दोन मीटरलाही जराशी कमीच. एका बाजूला कितीही माणसं, बॉलला स्पर्शही कितीही. तीनच स्पर्शांचं बंधन आलं 1920 मध्ये. तेव्हा खरा व्हॉलीबॉल शोधायला निघालात तर तुम्हाला आपल्या नवशिक्यांच्या तुकडीतच भरती व्हावं लागेल, असं म्हटलं. टाळ्या पडल्या. अर्थात टाळ्या वाजवणारे सगळे नवशिकेच होते.

आपले जुने गुणलेखक काका अजून येतात. सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक रॅलीच्या शेवटाला गुण, ही पद्धत त्यांनी मनातून कधीच मान्य केलेली नाही. 'सर्व्हिस आपली नसताना गुण कसला?' हे त्यांचं वाक्य तू ऐकलंयस. यंदा त्यांनी एक मुद्दा काढला आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. म्हणाले, नवशिक्याची सर्व्हिस जाळीत गेली की समोरच्याला लगेच गुण, म्हणजे धडपडणाऱ्याला दंड. त्यांना जुन्या पद्धतीने खेळवा, सर्व्हिस असेल तरच गुण आणि सेट पंधराचा. करून पाहिलं. दोन्ही बाजूंना सर्व्हिस जमेना, त्यामुळे सर्व्हिस नुसती इकडून तिकडे जात राहिली आणि फलक जागचा हलेना. दिवे बंद करायची वेळ झाली तेव्हा पहिलाच सेट चालू होता. 1998च्या सुमारास जागतिक महासंघाने ती पद्धत का मोडली, ते त्या संध्याकाळी सगळ्यांना कळलं; काकांना सोडून.

स्पर्धेचं विचारशील, म्हणून थोडक्यात: उपांत्य फेरीत हरलो. पाचवा सेट, आठला बाजू बदलली तेव्हा आपण पुढे होतो, पंधराला ते. बस.

आता ज्याबद्दल खरं लिहायचंय ते. आपल्या मुलींच्या तुकडीत एक नवी मुलगी आली. तिचे वडील तिला सोडायला यायचे आणि कोपऱ्यात बसून बघायचे. अपघातात त्यांचा एक पाय गुडघ्याखाली गेलेला. पूर्वी ते खेळायचे, हे बॉल त्यांच्याकडे गेला की ते ज्या पद्धतीने परत ढकलायचे त्यावरूनच कळायचं. एकदा मी त्यांना बसून खेळायच्या व्हॉलीबॉलबद्दल विचारलं. त्यांना सगळं माहीत होतं. फक्त कुठे कोणी खेळत नाही, म्हणाले.

मग आम्ही सुरू केलं. कोर्ट लहान, 10 बाय 6 मीटरचं, ते चिकटपट्टीने आखलं. जाळी पुरुषांची 1.15 मीटर, स्त्रियांची 1.05. खर्च जवळपास काहीच नाही, जुनीच जाळी खाली बांधायची. पहिल्या दिवशी गंमत म्हणून मुख्य संघाचे सहा जण समोर बसले. लेका, काय फजिती! उभ्याने खेळताना पाय तुला बॉलखाली नेतात आणि हात मोकळे असतात. इथे सरकायचंही हातांनी आणि खेळायचंही हातांनीच. आपले स्मॅशर बॉल येताना बघत होते, तो कुठे पडणार हेही त्यांना कळत होतं, पण तिथे पोचायच्या आत तो पडलेला असायचा. हे गृहस्थ मात्र बॉल समोरच्याच्या हातून सुटायच्या आधीच सरकलेले. त्यात आणखी एक: इथे समोरची सर्व्हिस ब्लॉक करता, म्हणजे जाळीपाशीच हातांनी अडवता येते; उभ्या खेळात ते चालत नाही. आपल्या सर्व्हिसवाल्याला ते ठाऊक नव्हतं. पहिलीच सर्व्हिस त्यांनी जाळीवरच थोपटून त्याच्या मांडीवर टाकली.

नियमाला ते फार काटेकोर. बॉलला हात लावताना ढुंगण जमिनीवर टेकलेलं हवं, उचललं की दोष. आपल्या पोरांना सवय उडी मारायची. स्मॅश आला की सगळी अर्धी उभी. दर वेळी ते हात वर करून थांबायचे, आवाज न चढवता सांगायचे, 'उचललंत'. पंचाने शिट्टी वाजवलेली नसली तरी. गुण स्वतःच्या बाजूचा गेला तरी. कोणी सवलत द्यायला गेलं की त्यांना आवडत नाही, आणि ते स्वतःही देत नाहीत.

आता आठवड्यातून एकदा हा खेळ नियमित होतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले दोघं येतात, एक आजी येतात, धडधाकट पोरंही येतात. नेदरलँड्समध्ये 1956 साली हा खेळ सुरू झाला, 1980 मध्ये पुरुषांचा आणि 2004 मध्ये स्त्रियांचा पॅरालिम्पिकमध्ये आला. आणि आपल्याला एवढी वर्षं सुचला नाही, याचं मला नवल वाटत राहतं. जाळी तर आपल्या कपाटातच होती.

बाकी किरकोळ. हॉलवाल्यांनी मधेच आपली वेळ दुसऱ्या कोणाला दिली, कळवलंही नाही, आणि काही आठवडे बाहेर खेळावं लागलं. बॉल 260 ते 280 ग्रॅमचा, वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही. उंच पास दिला की तो कुठे उतरेल ते देवाला ठाऊक. मुलं खाली, चपटा पास द्यायला शिकली ती तिथेच. एकाचा घोटा मुरगळला, नेहमीसारखाच, जाळीशी उतरताना समोरच्याच्या पायावर पाय पडून. नियमाप्रमाणे पायाचा काही भाग मधल्या रेषेवर किंवा रेषेच्या वर असला तर पलीकडे गेलेला चालतो. सरावात आम्ही तेवढीही सूट काढून टाकली. पाय पलीकडे गेला की बॉल समोरच्यांचा. कुरकुर झाली, पण घोटे शाबूत आहेत.

आणि पंच घडवले हे लिहायलाच हवं. मुख्य संघाला शिट्टीची ड्यूटी लागल्यावर निम्म्यांना नियमच येत नाहीत हे उघडं पडलं. ब्लॉकचा स्पर्श तीन स्पर्शांत धरायचा नाही, हे वर्षानुवर्षं खेळणाऱ्याला सांगावं लागावं? पण लागलं. मग सर्वांसाठी वर्ग ठेवला. शिट्टीनंतर सर्व्हिसला आठ सेकंद, कोणत्या दोषाला कोणती खूण, अँटेनाबाहेरून (जाळीच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या काठ्यांबाहेरून) गेलेला बॉल, सगळं. त्यात सगळ्यांत पुढे निघाली ती शाळकरी मुलं. एका मुलीने आपल्याच शिक्षकाला जाळीस्पर्शाचा दोष दिला आणि तो वाद घालू लागला तेव्हा शांतपणे संघाच्या कप्तानाला बोलवायला सांगितलं, कारण पंचाशी बोलायचा हक्क त्यालाच. नियमाने बरोबरच. शिक्षक दोन दिवस गप्प होता.

आता तुझ्यासाठी एक काम. तू गेल्यापासून सेटरची, म्हणजे स्मॅशसाठी बॉल लावून देणाऱ्याची, जागा भरून निघालेली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला स्मॅश मारायचाय, लावून द्यायला कोणी तयार नाही. एकाच सेटरची पाच-एकची पद्धत सोडून आम्ही चार-दोनवर आलो: दोन सेटर, पुढच्या रांगेत असेल त्याने लावायचं. मागून धावत यायला नको, गोंधळ कमी. पण पुढे मारायला दोघंच उरतात आणि समोरचा ब्लॉक आरामात वाट बघतो. मुलींच्या तुकडीतली ती नवी मुलगी, त्या गृहस्थांची, तिचा हात मऊ आहे. बॉलखाली वेळेत पोचते, बोटांत आवाज होत नाही. अडचण एकच: डोक्यावरून मागे लावायचं असलं की आधीच कंबर वाकवते आणि समोरच्याला पत्ता लागतो. तू पुढे आणि मागे एकाच ठेवणीतून लावायचास. शेवटच्या क्षणापर्यंत आम्हालाही कळत नसे, मग ब्लॉकवाल्यांना काय कळणार. ते कसं करायचास ते तिला नीट लिहून पाठव, पावलांसकट. मला विचारून उपयोग नाही. मी आयुष्यभर नुसता 'दे, दे' म्हणून ओरडलो.

पत्र क्लबच्या पत्त्यावर टाकलंस तरी चालेल, कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
चिटणीस (पुढच्या सभेपर्यंत तरी)