चि. मनूस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर चिडलीस ते बरोबरच. अँजिओग्राफीचं आधी सांगायला हवं होतं. पण तू मिळेल त्या विमानाने निघाली असतीस. असो. एका धमनीत अडथळा निघाला, तिथल्या तिथे स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची छोटी नळी, घातला. मनगटावर पट्टी आहे, तुझी आई तिला कुणाला बोट लावू देत नाही.

टेबलावर मी टक्क जागा होतो. मनगटातून घातलेली नळी पडद्यावर हृदयाकडे सरकताना दिसली आणि तुझ्या बर्लिनजवळचं एबर्सवाल्डे आठवलं. तिथे १९२९ साली वेर्नर फोर्समान नावाचा चोवीस वर्षांचा डॉक्टर होता. हृदयापर्यंत नळी नेऊन बघतो म्हणाला, तर साहेबांनी सक्त मनाई केली. हत्यारांची किल्ली गेर्डा डिटझेन या नर्सकडे. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. याने तिला टेबलाला बांधलं आणि गुपचूप स्वतःचंच कोपर बधिर करून, शीर उघडून, लघवीसाठीची नळी आत सारली! बाई संतापल्या, पण मग तशीच नळी घेऊन दोघं जिना उतरून एक्स-रेला गेले. ६५ सेंटिमीटर आत. फोटोत टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात.

वाट्याला आली बोलणी. शेवटी मूत्ररोगांकडे वळला. नाझी पक्षातही होता, तेव्हा देव्हाऱ्यात बसवायला नको. अमेरिकेत कुर्नां आणि रिचर्ड्स या डॉक्टरांनी तीच वाट पुढे नेली आणि १९५६ मध्ये तिघांना नोबेल मिळालं.

अडथळा खुला करायची युक्ती मात्र आंद्रेआस ग्रुंत्झिग या डॉक्टरची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हा नळ्यांना फुगे जोडायचा! १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिचमध्ये ३८ वर्षांच्या एका माणसाच्या हृदयाच्या धमनीत त्याने असा फुगा पहिल्यांदा फुगवला. स्टेंट त्यानंतर नऊ वर्षांनी आला.

तुझ्या आजोबांना झटका आला तो १९७६ च्या दिवाळीत. डॉक्टरांनी सांगितलं, पडून राहा, जिना चढू नका. अण्णा पडून राहिले. मी रोज ताक नेऊन द्यायचो. अकराव्या दिवशी भांडं तसंच परत आणलं.

एबर्सवाल्डेच्या हॉस्पिटलला आता फोर्समानचंच नाव आहे. रविवारी गाडीने जाऊन ये, फाटकाचा एक फोटो पाठव. आईला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून, ती म्हणेल आजारपणातही याला इतिहास सुचतो.

तुझा,
बाबा