ठाण्यातल्या झपाटलेल्या जागांविषयी मित्रास पत्र

नौपाडा, ठाणे

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

ठाण्यात ज्या जागा झपाटलेल्या समजल्या जातात त्या मी हिंडून पाहतो आहे, हे तुला तुझ्या भाच्याकडून कळले आणि सविस्तर लिहून पाठव असा तू आग्रह धरलास, म्हणून हे पत्र.

घोडबंदरपासून सुरुवात करतो, कारण येथे कोणालाही विचारले तरी पहिले नाव त्याच रस्त्याचे निघते. गायमुखच्या बाजूला रात्री पांढऱ्या साडीतली बाई गाडीला हात दाखवते, ही गोष्ट मी रिक्षावाल्यांकडून आणि ट्रकचालकांकडून निरनिराळ्या तपशिलांसह ऐकली. साडीचा रंग सर्वांना ठाऊक होता, पण ती बाई कोण, कोणत्या गावची, कशाने गेली, हे मात्र एकालाही सांगता आले नाही. या रस्त्यावर अपघातांत खरोखरच माणसे जातात, आणि दोन दिवसांत त्यांची नावे कोणाच्या लक्षातही राहत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

पुढे घोडबंदरचा किल्ला पाहिला. तो पोर्तुगीजांनी बांधला आणि 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकून घेतला. संध्याकाळी बुरुजात कण्हण्याचा आवाज येतो असे सांगतात, आणि तो आवाज मी स्वतः ऐकला. दिवस मावळताना खाडीवरचा वारा फिरला, तसा भिंतीतून लांब, खालच्या पट्टीतला हुंकार येऊ लागला आणि क्षणभर माझ्या अंगावर काटा आला. वडाच्या मुळाने दोन दगड फाकवून पाडलेल्या फटीजवळ तो सर्वांत मोठा होता. मी तिच्यावर तळहात दाबून धरला, तेव्हा तो थांबला. हात काढला की पुन्हा सुरू. तळव्याला चुन्याची ओलसर भुकटी लागली होती. ते मूळ आणखी जाड झाले की तो बुरुज ढासळेल, आणि तेथे येणाऱ्यांत कण्हणे ऐकायला थांबणारे पुष्कळ असले तरी त्या मुळाकडे पाहणारा मला कोणी दिसला नाही.

चेंदणी कोळीवाड्यात एका आजींनी गिऱ्ह्याविषयी, म्हणजे पाण्यातल्या भुताविषयी, सांगितले. भरतीच्या पाण्यात तो पाय धरतो आणि चिखलात ओढतो. लहानपणी या धाकामुळेच त्या खाडीत एकट्या उतरल्या नाहीत, असे त्या म्हणाल्या. तिवरांतला तो चिखल पाहिल्यावर मला त्यांचे म्हणणे पटले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते सांगतो. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह म्हणजे मूळचा पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. कारागृह चालू असल्यामुळे मला बाहेरूनच फिरावे लागले. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे येथे कैदेत होते आणि 1816 मध्ये पळाले. भिंतीखाली घोड्याची निगा राखणारा मोतद्दार गाणे म्हणत असे आणि त्या मराठी गाण्यातूनच सुटकेचा बेत त्यांना कळवत असे. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना त्यातले काहीच समजले नाही, अशी कथा आहे. याच तुरुंगात 2 मे 1848 रोजी इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना फाशी दिली गेली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी येथेच फासावर चढवले. कान्हेरे अवघे अठरा वर्षांचे होते. या तिघांचे मृतदेहसुद्धा नातलगांच्या हाती दिले नाहीत.

आपल्याकडचा समज तुला ठाऊक आहे. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा मुंजा होतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, ज्याचे क्रियाकर्म राहिले तो भटकत राहतो. या हिशेबाने साऱ्या ठाण्यात सर्वांत झपाटलेली जागा ही असायला हवी. मी भिंतीलगतच्या चहावाल्याला विचारले, रोज तेथून जाणाऱ्यांना विचारले, पण भुताची गोष्ट कोणीच सांगितली नाही. चहावाल्याने उलट मलाच राघोजींचे बंड थोडक्यात सांगितले, आणि सांगताना तो त्यांना ‘आमचे राघोजी’ म्हणत होता. ज्यांची नावे हे शहर घेते त्यांचे भूत येथे कोणी केलेले नाही, असे माझे मत झाले आहे. गायमुखच्या त्या बाईचेही नाव कोणी जपले असते तर तिच्या वाट्याला पांढरी साडी आली नसती.

एका गृहसंकुलात मात्र मी गेलो नाही. झपाटलेल्या जागांच्या प्रत्येक यादीत त्याचे नाव असते आणि तेथल्या एका मृत्यूची कथा रंगवून सांगतात. तेथे आजही कुटुंबे नांदतात, मुले खाली खेळतात. कोणाच्या दारात जाऊन त्यांच्या घरचे दुःख तमाशासारखे पाहावे, हे मला अजिबात मान्य नाही, आणि तुझा भाचा तिकडे निघाला असेल तर त्याला तू अडवावेस अशी माझी विनंती आहे.

पावसाळ्यानंतर तू ये. किल्ल्यावर गवत माजलेले असेल, पण तोवर त्या फटीचे काय झाले ते आपण दोघे पाहू, आणि संबंधितांकडे अर्ज करायचा तर तुझ्या अक्षरात करू.

आणखी एक काम आहे. तुमच्या गावच्या विहिरीवरच्या हडळीची गोष्ट तुझ्या आत्या आपल्याला सांगत असत. त्यांचे वय झाले आहे, तेव्हा ती बाई कोणाच्या घरातली आणि तिचे नाव काय, हे त्यांना लवकर विचार आणि मला उलट टपाली कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत